काचेवर वाटी, पेला आणि चमचा

मी एक जुना प्रिंटर आहे. मित्रांनो, म्हाताऱ्याने मुलांशी रागावून बोलू नये, हे मला कळते. पण गेली कित्येक वर्षे लोक माझ्या पाठीवर थापा मारत आले आहेत, आणि माझे म्हणणे मात्र एकदाही कोणी ऐकलेले नाही. तेव्हा आज बोलताना थोडी चिडचिड झाली, तर सांभाळून घ्या.

माझा मुक्काम सानगडीत, तलावाच्या पाळीजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या एका घरात आहे. खिडकीखालच्या लाकडी पेटीवर मी बसतो. माझ्या एका बाजूला मासे धरायची जाळी टांगलेली असते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचे दार आहे. त्यामुळे माझ्या अंगाला जाळ्याचाही वास येतो आणि नानकटाईचाही. असा वास येणारे प्रिंटर जगात फार नसावेत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मी पहिले पान छापले, तेव्हा एका मुलीने ते उजेडात धरून पाहिले आणि नुसती मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. मग मला खोक्यात घातले. शाळा बंद होत्या आणि मोबाइलवर भरत होत्या, त्या वर्षी मंगरूभाऊंनी मला सायकलच्या मागे दोरीने बांधून घरी आणले. मंगरूभाऊ तलावात मासेमारी करतात. त्यांची मुलगी डिंपल तेव्हा आठवीत होती. मी या घरात छापलेले पहिले चित्र माशाचे होते. मंगरूभाऊंनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "पोरी, याचे कल्ले चुकले आहेत. असा मासा जगनार नाही."

चित्र पुस्तकातले होते, पण बोलणी मला बसली. तेव्हापासून ती रीतच पडली.

तरीही ते दिवस चांगले होते. पाळीवरच्या घरांतून लोक अर्ज घेऊन येत. कोणाचा फोटो, कोणाचा दाखला, कोणाच्या मुलीचा प्रवेश-अर्ज. "पाळीवरच्या प्रिंटरावर जा," असे लोक एकमेकांना सांगत. मी फुशारून खटखट आवाज करत असे.

मग डिंपल साकोलीच्या कॉलेजात गेली आणि तिथेच राहू लागली. माझ्यावर जुने लुगडे पडले, लुगड्यावर ओले जाळे पडले, आणि आठ महिने मला कोणी हात लावला नाही. मित्रांनो, शाई ही तलावासारखी असते. हलली नाही की तळाला गाळ धरते. माझ्या तोंडाशी शाई सुकत गेली. मला ते कळत होते. सांगणार कोणाला?

आता रुखमाबाईंची गोष्ट ऐका. त्या डिंपलच्या आई. त्यांच्याकडे भट्टी नाही. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, त्या तलावाची धुतलेली वाळू पसरतात, वर जाळी ठेवतात, झाकण घालून गंज चुलीवर तापवतात आणि त्यात नानकटाई भाजतात. मोहफुलांचा केकही करतात. वाळवलेला मोह भिजवून वाटायचा, त्यात कणीक, तांदळाची पिठी, गूळ, दूध, तेल आणि सोडा घालायचा. तो केक फुलला की पाळीवरून जाणारा माणूस थांबून विचारतो, "काय शिजून राहिलं वो?"

पोळ्याच्या आधी बचत गटाच्या बायकांनी त्यांना हा केक शिकवायला सांगितला. रुखमाबाईंनी मनापासून शिकवला. दोन वाट्या कणीक, एक वाटी पिठी, एक पेला दूध, एक चमचा सोडा, सगळे तोंडी सांगितले. बायका घरी गेल्या, आणि एकीचाही केक जमला नाही. कोणाची खीर झाली. शेतकरी घरच्या निर्मलाबाई तर आपला केक पदराखाली घेऊन आमच्या दारात आल्या आणि त्यांनी तो पेटीवर, माझ्या शेजारी, आपटला. ठक्क असा आवाज झाला.

"पाहा रुखमाबाई. याच्यानं भिंत बांधता येते."

"तुम्ही सोडा टाकला होता ना?"

"तुम्ही सांगितलं ते सारंच टाकलं. सांगितलं नाही ते कसं टाकू?"

"म्हणजे काय वो?"

"बायका म्हनून राहिल्या, रुखमानं कायतरी लपवलं. एक वस्तू सांगितलीच नाही. आपल्या हातचाच केक चांगला म्हनावा म्हून."

निर्मलाबाई गेल्यावर रुखमाबाई तो दगड हातात घेऊन बसून राहिल्या. मित्रांनो, शिकवणाऱ्याला सगळ्यात मोठा घाव कोणता, ठाऊक आहे? त्याने विद्या चोरून ठेवली, असे म्हणणे.

सखाबाई, म्हणजे घरातल्या आजी, दारात जाळे विणत होत्या. त्या म्हणाल्या, "रुखमे, त्या निर्मलीची वाटी पाहिली काय तू? माहेरची पितळेची आहे. आपल्या दोन वाट्या जातेत तिच्यात."

खोट सापडली. पीठ निर्मलाबाईंनी आपल्या मोठ्या वाटीने मोजले, आणि दूध मात्र लहान पेल्याने. ज्यांची खीर झाली, त्यांचे नेमके उलटे झाले असणार. प्रत्येक घरची वाटी वेगळी, पेला वेगळा, चमचा वेगळा. पण हे दारोदार सांगत फिरले, तर "आता बहाणे करून राहिली" असेच लोक म्हणाले असते. गटाची पुढची बैठक रविवारी होती. त्या दिवशी बावीस बायकांच्या हातात कागद ठेवायचा आणि कागदावर सगळे मोजमाप उघड मांडायचे, असे रुखमाबाईंनी ठरवले. शनिवारी डिंपल घरी आली. माझ्यावरचे लुगडे निघाले.

आणि माझे हाल सुरू झाले.

पहिले पान निघाले, त्यावर पांढरे पट्टे. आठ महिने कोरड्या तोंडाने बसलेल्याकडून दुसरे काय निघणार? डिंपलने माझ्या पाठीवर थाप मारली. पट्टे थापेने जात नाहीत, मित्रांनो! शेवटी तिने कापूस कोमट पाण्यात बुडवून पिळला आणि माझ्या शाईच्या तोंडाशी धरून ठेवला. अर्ध्या तासाने गाळ सुटला. हेच पहिल्यांदा केले असते, तर माझी पाठ वाचली असती.

मग कागद अडकू लागले. दिवस ओले, घर तलावाकाठी, कागदाचा गठ्ठा सादळलेल्या पापडासारखा मऊ पडलेला. दोन-दोन पाने चिकटून माझ्या पोटात शिरत होती. रुखमाबाई म्हणाल्या, "थांब, वाळवून देतो." त्यांनी काय केले असेल? नुकतीच नानकटाई काढलेल्या कोमट गंजात, त्याच जाळीवर, माझा सगळा गठ्ठा ठेवून वर झाकण घातले!

कागद वाळले खरे. पण त्यांना तूप लागले. ते तूप माझ्या रोलरला लागले. रोलर म्हणजे कागद आत ओढणारे माझे रबरी हात. ते जागच्या जागी फिरू लागले आणि कागद तसूभरही सरकेना. मी घरघर करून सांगत होतो, तूप आहे, तूप! आणि डिंपल म्हणत होती, "आई, हा मेला वाटते. शहापूरच्या भैय्याजीच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन भंगारात देऊन टाकू."

भंगारात! मला!

सखाबाईंनी एक कागद उचलला आणि खिडकीकडे धरला. "डिंपे, याच्यातून तं आरपार दिसून राहिलं. तुह्या मायनं कागद तळले काय?"

"तळले नाही, आजी. वाळवले."

"मंग सटकनारच. वाम मासा धरतानी हाताले काय लावते तुहा बाप?"

"राख."

"मंग लाव ना राख!"

मला घाम फुटला. प्रिंटरला राख? पण आजींनी चुलीतली चिमूटभर राख बोटावर घेऊन माझ्या रोलरला चोळलीसुद्धा. मी खोकलो. डिंपल ओरडली आणि ओल्या फडक्याने तिने ती राख चटकन पुसून काढली. आणि मित्रांनो, खोटे कशाला बोलू? तुपकट भांडे राखेने निघते, तसे तूप राखेबरोबर निघून गेले. रोलर कोरडे झाल्यावर कागद सरसर आत आला. तरी तुम्ही असे करू नका. साधे ओले फडके पुरते. राख आत गेली असती, तर आज मी ही गोष्ट सांगायला नसतो.

आता तरी सुटलो, असे मला वाटले. पण डिंपलने मोबाइलवर वाटीचा फोटो काढून कृतीच्या शेजारी लावला आणि छापला. रुखमाबाईंनी खरी वाटी त्या चित्रावर ठेवून पाहिली.

"हे माही वाटी आहे का लाडू?"

डिंपलने फोटो मोठा केला. पुन्हा छापले.

"आता थाळी झाली."

पाच पाने वाया गेली. सहाव्या पानाला मोबाइल म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो! आणि बोलणी कोणी खाल्ली? मीच. डिंपल रडकुंडीला आली. "आई, नाही होत. तू उद्या तोंडीच सांग."

"तोंडी सांगितलं तेच भोगून राहिलो ना."

रुखमाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझे झाकण उघडले. झाकणाखाली माझी काच आहे. अर्जांच्या नकला काढताना लोक तिच्यावर कागद पालथा घालत, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी काचेकडे पाहिले, हातातल्या वाटीकडे पाहिले आणि वाटीच काचेवर पालथी घातली.

"आई! काच फुटन!"

"लोकाईचे कागद जसेच्या तसे काढते ना हा? मंग माही वाटी काहून नाही काढनार?"

वाटीशेजारी त्यांनी पेला पालथा घातला आणि त्याच्याशेजारी चमचा आडवा ठेवला. झाकण काही बसेना. उघडे ठेवून काढले, तर सगळे पान काळेकुट्ट निघाले आणि माझी किती तरी शाई फुकट गेली. मग मंगरूभाऊंचा पांढरा दुपट्टा वरून पांघरला आणि नकलेचे बटण दाबले. मोबाइल नको, काही नको. मी माझा दिवा काचेखालून सावकाश फिरवला.

कागदावर दोन गोल आणि एक चमचा उमटले. रुखमाबाईंनी वाटी त्या गोलावर ठेवली. तंतोतंत बसली. पेला ठेवला, तोही बसला. सहा वर्षांत माझ्या कोणत्याच पानाकडे कोणी असे पाहिले नव्हते.

सखाबाई मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "तोंड सारखं असन अन् पोट मोठं असन तं? निर्मलीसारखं?"

सगळ्या हसल्या. पण बोलणे खरे होते. म्हणून रुखमाबाईंनी गोलाखाली पेनाने लिहिले, "वाटी मधल्या बोटाच्या दोन पेरांइतकी खोल. पेला तीन पेरांइतका." त्याखाली आपल्या वळणदार अक्षरात सगळी कृती लिहिली. कणीक दोन वाट्या, पिठी एक, वाटलेला मोह एक, गूळ एक, तेल अर्धी वाटी, दूध एक पेला, सोडा एक सपाट चमचा. वाळू आधी तापवा. वास सुटेपर्यंत झाकण उघडू नका. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, "याच्याशिवाय यात काहीच नाही."

त्या पानाच्या मी बावीस प्रती काढल्या. तुपकट कागद बाजूला काढून चांगले तेवढेच घेतले. विसाव्या प्रतीला माझी शाई संपत आली. शेवटची दोन पाने इतकी फिकी निघाली, की डिंपलला ती पेनाने गिरवावी लागली. पण मी थांबलो नाही.

रविवारी बैठकीत काय झाले, ते मला ठाऊक नाही. मला कोणी नेत नाही. रुखमाबाई परत आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "कागद घेतले सगळ्याईनं. कोनी काही बोललं नाही." सोमवार गेला, मंगळवार गेला. त्या दोन दिवसांत घरात नानकटाई भाजली गेली नाही.

बुधवारी निर्मलाबाई आल्या. एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात तेलाने भिजून फाटलेला तो कागद.

"तुमच्या या गोलावर बसनारी एकबी वाटी माह्या घरात नोहती, रुखमाबाई. साऱ्या ठेवून पाहिल्या."

"मंग?"

"नातवाची दूधभाताची वाटी बसली. बोट घालून पाहिलं, बरोबर दोन पेरं. तो रडला, मले खायला कशात देतेस म्हने." त्यांनी डबा उघडला. केक फुललेला होता. वर बारीक भेग पडली होती आणि मोहाचा वास साऱ्या खोलीत पसरला. "घ्या. चाखून पाहा."

रुखमाबाईंनी तुकडा तोंडात घातला. त्यांचे डोळे भरून आले.

"काहून वो? बिघडला काय?"

"नाही. चांगला झाला."

"होईनच. तुम्ही काही लपवलं नोहतं ना." निर्मलाबाईंनी फाटका कागद माझ्या झाकणावर ठेवला. "आता याची एक परत काढून द्या. मी माह्या बहिणीले देतो. ते बी म्हनत होती, रुखमानं लपवलं."

मित्रांनो, डिंपलने जाताना नवी शाई भरून ठेवली होती. त्या दिवशी मी एकदाही अडकलो नाही.

वाटीच्या कडेने माझ्या काचेवर एक बारीक, गोलाकार ओरखडा पडला आहे. आता मी कोणाच्याही अर्जाची नक्कल काढली, तरी कोपऱ्यात चंद्रकोरीसारखी एक फिकी रेघ उमटते. भैय्याजी म्हणतात, काच बदला. रुखमाबाई म्हणतात, राहू द्या.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर आठवड्यातून एकदा तरी त्याच्याकडून एक पान छापून घ्या. कागद कोरडे ठेवा, पण स्वयंपाकघरापासून दूर. तो अडला, तर त्याला थाप मारण्याआधी कागद उजेडात धरून पाहा. चूक कदाचित कागदाची असेल. आम्हाला काही लपवता येत नाही, मित्रांनो. काचेवर जे ठेवाल, तेच आम्ही तुमच्या हातात देतो.