मधले कागद

“काका, अफीम खाल्ल्यावर कागदावरची चित्रं आपोआप चालतात, हे खरं हाय का?”

विचारलं! शेजारच्या सुभद्रेनं पैज लावली होती की माझी हिंमतच होणार नाही, आणि आता तीच दाराबाहेर तोंड दाबून उभी होती. शाळा सुटली की जठारपेठेत दोन-चार घरी आमच्या मळ्यातली भाजी मी पोचवते. त्यातलं एक घर शेषरावकाकांचं, म्हणजे एक खोलीच. काका मुंबईत सिनेमा कंपनीत हलणारी चित्रं काढायचे. लढाई लागली, फिल्म मिळेना, कंपनी बसली. काका अफूची डबी घेऊन अकोल्याला परत आले.

मला वाटलं, आता ओरडतील. ते हसले.

“चालत होती वं पोरी. अफीम नव्हती तवा.”

त्यांनी दोन कागद पुढं केले. एकावर बसलेली बकरी, दुसऱ्यावर उभी. इतकी जिवंत, की आता बें करेल!

“हे दोन कोणी बी काढीन. बकरी उठते थे मधल्या कागदांत. तेच मले आता दिसत नाही.” खिडकीच्या काचेवर कागद धरून त्यांनी पेन्सिल टेकवली आणि तशीच ठेवली. “पहिले आरशापुढं सगळं आंगानं करून पाहत होतो, मंग हात चाले. आरसा इकला. गुडघे बी गेले.”

“मंग मी करतो ना!”

दप्तर फेकलं, परकर खोचला आणि झाले बकरी. आधी मागचे पाय. कंबर वर, डोकं खाली, वेणी नाकावर! बाहेर सुभद्रा फिसकन हसली.

“थांब! तशीच थांब!” काकांचा आवाजच बदलला. “पुढचे गुडघे टेकलेलेच राहू दे. हळू. मान मांगून येऊ दे.”

कागदावर कागद झाले. माझे गुडघे सोलले, पण सांगते कोण! मग काकांनी गठ्ठा अंगठ्यानं फरफर सोडला. बकरी मागून उठली, डगमगली आणि तिथंच थांबली. काकांचे डोळे भरले.

तेवढ्यात त्यांना अफूची तलफ आली. पेन्सिल पडली. डबी उचलून त्यांनी तोंड फिरवलं.

“जाय आता. हे पाहू नोको.”

“पुढचे पाय उद्या करू, काका?”

त्यांनी अर्ध्या उठलेल्या बकरीकडं वळून पाहिलं.

“ये. उद्या तू येतवरी डबी उघडणार नाही.”

मी घरी पोचेपर्यंत सुभद्रेनं सगळं सांगून टाकलं होतं!

“अफीमखोराच्या खोलीत बकरी झाली म्हणे?” मायनं भाकरी तव्यावर आपटली. “लगन करायचं हाय तुयं!”

“भाजी मीच देत जाईन,” बाबा म्हणाले.

“नाही बाबा. काका उद्या डबी बंद ठेवून माही वाट पाहतीन. मी नाही गेली तर थे उघडतीन. दार सताड उघडं ठेवू, सुभद्रेले नेईन, माय, तू बी ये पाहाले. पण बकरी पुरी उठतवरी मी रोज जाणार!”