लेकीने लिहिलेली ठिकाणं

लेकीच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी चार वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. रागाने नव्हे, सहा खर्डे केले, एकही मनासारखा उतरला नाही. 'एकदा या, तुम्हाला शहर दाखवते,' असं तिने लिहिलं होतं. घराचा पत्ता नव्हता, फक्त तिथल्या पोस्टातल्या तिच्या टपालपेटीचा क्रमांक होता.

आता नवरा-बायको त्या परक्या शहरात आले होते आणि उद्या परतीचं विमान होतं. पत्रातला पूल पाहून झाला, संग्रहालय झालं. तिच्या आवडत्या दुकानात दोघं सूप पीत बसले. बायको आत येणाऱ्या प्रत्येक तरुणीचं तोंड निरखत होती.

"सूप निवतंय," ते म्हणाले.

"निवू दे. तुमची वाक्यं जमेपर्यंत पोर हातची गेली, पंडित!"

त्यांनी चमचा खाली ठेवला. त्यांनी पुलाच्या चित्राचं कार्ड काढलं, पेन टेकवलं आणि थांबले.

"पुन्हा विचार? द्या इकडे!"

"नको, मीच लिहितो."

'चुकलो. स्टेशनसमोरच्या हॉटेलात आहोत. तू येईपर्यंत आहोत.'

"अहो, विमान उद्याचं आहे!"

"जाऊ दे ते."

दोन ठिकाणी खाडाखोड झाली होती. ती तशीच ठेवून त्यांनी तिच्या टपालपेटीचा क्रमांक घातला आणि कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकलं.