पहिली बाजू मागची

“डॅड, व्हॅनमधला तो इंजिनाचा पिवळा दिवा किती दिवस लागलाय?” जोलीनने विचारलं.

“कुठला दिवा?” लेस्टर म्हणाला.

हे गेल्या रविवारचं. आता सांगा, ज्या माणसाने एरी सरोवराच्या काठावरच्या त्या गावात एकतीस वर्षं सायलेन्सरचं गॅरेज चालवलं, गाडी गेटातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून जो तिचं दुखणं ओळखायचा, त्या लेस्टर हुडॅकने लेकीला हे उत्तर द्यावं? जोलीनने नुसतं आईकडे पाहिलं. तिचं ते पाहणं लेस्टरला झोंबलं, आणि झोंबलं की त्याची जीभ सुटते.

“पुढच्या रविवारी तू येशील तेव्हा दिवा नसेल,” तो म्हणाला. “असला तर किल्ली तुझी. मग मी पुन्हा गाडीला हात लावायचा नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

किल्लीची गोष्ट साधी नव्हती. तीन वर्षांपूर्वी डोलोरेसची मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून दर मंगळवार, गुरुवार, शनिवार लेस्टर बायकोला चौदा मैलांवरच्या डायलिसिस केंद्रात नेत होता. चार तास तिच्या खुर्चीशेजारी बसायचा आणि पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने वाचायचा. ती डोळे मिटून उत्तरं सांगायची, हा लिहायचा. किल्ली गेली की शनिवारी जोलीन येणार आणि बाकीचे दोन दिवस काउंटीची बस. ती बस तासभर आधी उचलते, तासभर उशिरा सोडते आणि पेशंटबरोबर दुसऱ्या कुणाला घेत नाही. डोलोरेसला त्या बसची धास्ती होती.

पण जोलीन तरी काय करणार? फेब्रुवारीत एका गुरुवारी दोघं केंद्रात पोचलीच नाहीत. लेस्टरने व्हॅन नेऊन उभी केली ती सरोवराच्या काठी, हिवाळ्यात बंद असलेल्या आइस्क्रीमच्या टपरीसमोर. तिथे तो कितीतरी वेळ काच पुसत बसला होता. शेवटी डोलोरेस म्हणाली, “मागे वळव, लेस.” तिने घरी चकार शब्द काढला नाही. केंद्रातून लेकीला फोन गेला, म्हणून तिला कळलं.

तर आज रविवार, पंधरा मार्च. जोलीन एक वाजता जेवायला येणार होती. लेस्टर आठ वाजताच गॅरेजात. दाराशी काळपट बर्फाचे ढीग अजून तसेच होते, आणि व्हॅनच्या पोटाला हिवाळाभराचं मीठ चिकटलेलं. त्याने बॉनेट उघडलं, जुना कोट चढवला आणि कोड वाचायचं छोटं यंत्र स्टिअरिंगखाली जोडलं. यंत्राने सांगितलं: हवा-इंधनाचा सेन्सर, पहिली बाजू.

हा सेन्सर म्हणजे इंजिनाची जीभ. जळून निघालेल्या धुराची चव घ्यायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं, पेट्रोल जास्त होतंय की हवा. असे दोन असतात. इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे एक पुढे, रेडिएटरकडे, बॉनेट उघडलं की समोर दिसणारा. दुसरा मागे, इंजिन आणि केबिन यांच्यातल्या भिंतीच्या बाजूला, जिथे हात घालायचा तर कोपराचं कातडं सोलून निघतं. आणि यावर लेस्टरचं एक ठरलेलं भाषण होतं. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला त्याने ते ऐकवलेलं. “पहिली बाजू म्हणजे मागची. कायम मागची. गाढवं जे दिसतं ते खोलतात. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला.”

नवा सेन्सर शुक्रवारीच आणून ठेवला होता. दुकानातल्या काउंटरवरचा माणूस म्हणाला होता, “हा पण?” लेस्टरला वाटलं, तो गंमत करतोय.

काम मात्र देखणं चाललं होतं. चष्मा वरच्या खिशात. या कामाला त्याला कधी डोळे लागलेच नाहीत, बोटंच सगळं बघायची. वायरचा खटका दाबून जोड सोडवला. गंज सैल करायचं तेल फवारलं, दहा मिनिटं कॉफी पीत थांबला. मग वायरीसाठी फट असलेलं ते खास सॉकेट सेन्सरवर बसवलं, लांब दांडा लावला आणि पाय रोवून उभा राहिला. ओहायोच्या मिठात मुरलेला सेन्सर सहजासहजी सुटत नाही. दहातले चार तुटतातच.

हा एका झटक्यात सुटला. लेस्टर स्वतःवरच खूश झाला. अजून आहे म्हटलं हातात जोर. शीळ घालत त्याने तो हाताने फिरवून बाहेर काढला आणि बाकावरच्या फडक्यावर ठेवला. बोटांना तांबूस वंगण लागलं होतं. ते त्याने कोटाला पुसलं.

मग नवा सेन्सर खोक्यातून काढला, आणि आता चष्मा लावला. कारण लेस्टरची एक रीत होती. गाडीत कुठलाही नवा भाग बसवायचा तर त्याच्यावर पांढऱ्या रंगाच्या पेनाने तारीख आणि गाडीचे मैल लिहायचे. गॅरेजात त्याने कुणालाही हे चुकू दिलं नाही. कुणी म्हणालं, “मालक, मी लिहायला विसरलो,” की हा म्हणायचा, “म्हणूनच लिहायचं, बाळा.”

नव्या सेन्सरच्या प्लगवर त्याने लिहिलं: १५ मार्च. आणि वाळायला म्हणून तो जुन्याशेजारी ठेवला.

जुन्यावरही पांढरी अक्षरं होती. ४ मार्च. खाली मैल. चारच्या आकड्याची शेपटी डावीकडे वळलेली, जशी फक्त लेस्टरच्या चारची वळते.

त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला. सेन्सर उचलून उजेडात धरला. आट्यांमध्ये तांबूस वंगण अजून ओलं होतं, नवा बसवताना लावतात ते. म्हणून तो एका झटक्यात सुटला. हातात जोर वगैरे काही नव्हता. त्याने वळून इंजिनाकडे पाहिलं. भोक पडलं होतं ते पुढे, रेडिएटरच्या बाजूला. जे दिसतं ते. दोन्ही वेळा त्याने पुढचाच खोलला होता, एकदा अकरा दिवसांपूर्वी आणि एकदा आज. आणि अकरा दिवसांपूर्वीचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्याने डोकं खाजवलं, तारखा मोजल्या, डोळे मिटून पाहिलं. तो बुधवार त्याच्याकडे नव्हताच.

तो सेन्सर हातात घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेला. डोलोरेस टेबलाशी बसून पिरोगी भरत होती. करंजीसारख्या, बटाट्याच्या सारणाच्या, जोलीनच्या आवडीच्या.

“डोलोरेस, या महिन्यात मी व्हॅनचं काही काम केलं होतं?”

“आधी हात धू. फरशीवर तेल गळतंय.”

“मी विचारतोय ते सांग.”

तिने कणकेची कड दाबली, मग पुढची घेतली. “गेल्याच्या गेल्या बुधवारी,” ती म्हणाली. “दोन दिवस दिवा गेला होता. मग परत आला.”

“आणि आज सकाळी मी निघालो, तेव्हा तू गप्प बसलीस.”

“काय बोलायला हवं होतं मी?”

“की बाबा रे, हे तू करून चुकलायस.”

“तू शीळ घालत होतास, लेस. त्या बुधवारीही घालत होतास. त्याआधी किती महिन्यांत घातली नव्हतीस, तुला ठाऊक आहे?” तिने पिठाचा हात मांडीवर पुसला. “आणि मला त्या बसने जायचं नाही. मी देते ना तुला वळणं सांगून. चाललंय ना आपलं?”

त्याला तिचा राग आला आणि मग तो राग कुठे ठेवायचा तेच कळेना. ती घाबरलेली होती. तोही घाबरलेला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांपासून काही लपवलं नव्हतं, आणि आता दोघं मिळून लेकीपासून लपवत होती.

“जोलीनला सांगणार आहेस?” डोलोरेसने विचारलं.

तो गॅरेजात परत आला.

चार मार्चचा सेन्सर चांगलाच होता. त्याने तो पुढे जिथला तिथे बसवला. मग नवा खिशात टाकून इंजिनाच्या मागच्या बाजूला भिडला. खरं काम ते होतं. आधी वरून हात घालून पाहिला, मग जॅक लावून खाली थंड फरशीवर पडला. तेल मारलं, थांबला, पुन्हा मारलं. दांडा दोनदा निसटला, बोटांची सालं निघाली. त्याने त्या सेन्सरला त्याच्या आईवरून स्लोव्हाकमध्ये जे काही म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी पाऊण तासाने कुरकुरत, गंजाची भुकटी सांडत तो सुटला. काळाठिक्कर. त्यावर तारीख नव्हती. कारखान्यातून आला तसाच, पहिल्यापासूनचा.

नवा बसला. यंत्राने कोड पुसला. इंजिन चालू करून लेस्टर पडद्यावरचे आकडे पाहत राहिला. दोन्ही बाजू एकसारख्या चालत होत्या. या वेळी दिवा परत येणार नव्हता, हे त्याला पक्कं कळलं. तेवढं त्याला अजून कळत होतं.

म्हणजे पैज तो जिंकला होता. जोलीन पाहील, दिवा नसेल, किल्ली त्याच्याकडेच. डोलोरेस बोलणार नाही. फडक्यावरची गोष्ट कुणालाही कळण्याचं कारण नव्हतं.

इंजिन बंद करून तो तसाच सीटवर बसून राहिला. भिंतीवर गॅरेजच्या दिवसातली एक खिळ्यांची फळी होती. तिचा कोपऱ्यातला खिळा वेगळा. ब्रेक गेलेली गाडी आली आणि मालक म्हणाला, “एवढं घरापर्यंत नेतो हो, मी जपून चालवतो,” की लेस्टर किल्ली त्या खिळ्याला अडकवायचा. लोक शिव्या द्यायचे. एकाने तर पोलिस बोलावले होते. “तू जपून चालवशील,” लेस्टर म्हणायचा, “पण समोरच्याला काय सांगू?” एकतीस वर्षांत त्याने त्या खिळ्यावरची एकही किल्ली कुणाच्या रडण्याला भुलून दिली नव्हती.

एक वाजता जोलीन आली. कोटही न काढता आधी गॅरेजात. व्हॅनमध्ये बसली, इंजिन चालू केलं, डॅशबोर्डवर वाकून पाहिलं. डोलोरेस आतल्या दारात येऊन उभी राहिली.

“नाहीये दिवा,” जोलीन म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. तिला जिंकायचं नव्हतंच. “हरले मी, डॅड. घे बाबा तुझी किल्ली.”

तिने किल्ली काढून हात पुढे केला. लेस्टरने आपले हात फडक्यात गुंडाळलेलेच ठेवले.

“राहू दे तुझ्याकडे.”

“का? जिंकलास की तू.”

“गाडी बरी झाली,” तो म्हणाला. “गाडीत आता काही नाही.”

जोलीन त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग आईच्या. डोलोरेसने ॲप्रनचं टोक तोंडाला लावलं होतं आणि ती मान हलवत होती, नको, नको म्हणून. लेस्टरने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याच्याने झालं नसतं.

“शनिवारी साडेदहाला निघा,” तो लेकीला म्हणाला. “अकराला खुर्ची मिळते. पेपर विसरू नकोस, तिला कोडं लागतं. मोठ्याने वाच, भरभर वाचू नकोस.”

“डॅड...”

“आणि पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायचं. चुकशील. आई सांगेल तुला.” त्याने फडकं उगीच घडी करून बाकावर ठेवलं. “मला रोज सांगते.”