सात छिद्रांचा पट्टा

मी कमरेचा एक जुना चामडी पट्टा आहे, मित्रांनो. माझी पाच छिद्रे कारखान्यातली, दोन खिळ्याची. चामड्याला दुखत नाही, म्हणून न रडता सांगतो.

तिसरे छिद्र.

बहरीनला येण्याच्या आदल्या दिवशी बाळाजीने मला कुडाळच्या बाजारात घेतले. मीना सलमान बंदरावरच्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवू लागला. "नवो पट्टो, नवो सायब," असे गाववाले म्हणाले. माझे कौतुक तेवढेच.

चौथे. पाचवे.

दिवसभर बसून काम. दर दोन तासांनी गोड, दाट करक चहा. सकाळी पोट रिकामे, रात्री उम्म अल हस्सम वस्तीतल्या खोलीवर ताटभर भात. सहा वर्षे गेली.

सहावे.

पाचव्यात पोट मावेना, म्हणून गॅसवर लाल केलेला खिळा. धूर. मला काही वाटले नाही.

दर सुट्टीआधी बाळाजी पंधरा दिवस काकडी आणि पाण्यावर राही. अपेक्षाला, म्हणजे बायकोला, तो बारीक दिसायला हवा होता. जाताना मी पाचव्यावर असे, परतताना सहाव्यावर.

सातवे.

पुन्हा खिळा. त्यापुढे माझे टोक संपले.

या वर्षीच्या उपासाच्या नवव्या दिवशी बाळाजीला फोर्कलिफ्टवर घेरी आली. खोक्यांची थप्पी कोसळली. कोणाला लागले नाही. सुपरवायझर अलीमियाँने चावी काढून घेतली.

"खलास, बाळाजीभाई. तीन महीने में डॉक्टर का कागज़ लाओ. नहीं तो गाँव."

सुट्टी रद्द झाली. खोलीत बाळाजी मला हातात धरून बसला. सोबत राहणारा वसईचा मॅथ्यू हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होता.

तो म्हणाला, "आठवं भोक कुठे पाडणार? पट्टा संपला तुझा!"

"मगे परत उपाशी रवतंय."

"उपाशी राहूनच इथवर आलास ना, बाबा? सकाळी दोन अंडी खा. चहा दोनच, साखर कमी. आधी उसळ, मग वाटीभर भात. आणि चाल."

"ह्या उन्हात?"

"जिना आहे की आपला. चार मजले. लिफ्टला सुट्टी दे."

पहिला महिना मी सातव्यावरच होतो. बाळाजी चिडला. त्याने मला दारामागे टांगले आणि नाडीची पँट घालून कामावर गेला. आता त्याच्याकडे गोदाम झाडायचे काम होते. अकरा दिवस मी लटकत होतो. जिन्यावरची त्याची पावले मात्र रोज ऐकू येत होती. वर. खाली. वर.

बाराव्या दिवशी त्याने मला बांधले.

सहावे.

मॅथ्यू शिट्टी वाजवून म्हणाला, "हळूच जा रे. पळून जात नाहीये जिना."

पाचवे.

पूर्वी पंधरा दिवसांत एक छिद्र मागे येई; या वेळी दोन छिद्रांना तीन महिने लागले. डॉक्टरांनी तपासून सही केली. अलीमियाँने चावी दिली. मग सुट्टीही मिळाली. विमानतळावर मला काढून ट्रेमध्ये ठेवले.

घरी अपेक्षा म्हणाली, "ह्या खेपेक तोंड सुकलेला नाय तुमचा?"

"घाई करूक नाय," बाळाजी म्हणाला आणि तिच्या हातचा बांगडा खाल्ला. भात वाटीभरच.

महिन्याने परतताना पुन्हा तो ट्रे. मला बांधताना त्याचे बोट सवयीने सहाव्याकडे गेले. थांबले. बकलाची सळई पाचव्यात बसली.

मित्रांनो, शरीराला उपाशी ठेवून शिक्षा करू नका. त्याला रोज थोडे सांभाळा. छिद्र पाडायला क्षण लागतो, बुजवता मात्र येत नाही. माझी खिळ्याची दोन छिद्रे आता टोकाला रिकामी असतात. मला काही वाटत नाही.

बाळाजी मात्र फोर्कलिफ्ट सुरू करण्याआधी त्यांवरून अंगठा फिरवतो.