पाठराखणीचा डोळा

खणकन जर्मनची ताटली वाजली आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. शिवकन्या शाळेतली खिचडी शिजवून, पातेली घासून नुकतीच आली होती. उंबऱ्यात चप्पल काढता काढता तिने परसात पाहिलं. म्हातारी भुरी कुत्री पाण्याच्या ताटलीत तोंड खुपसून डोळा घासत होती. पंजाने खरडायची, पुन्हा पाण्यात बुडवायची. उजवा डोळा सुजून मिटलेला, आणि गालावरच्या केसांतून तपकिरी ओघळ.

शिवकन्येने ओघळाला बोट लावून नाकाशी नेलं. तंबाखू.

तळपायाची आग मस्तकात गेली.

भुरी तिची पाठराखीण. आठ वर्षांपूर्वी कुरुंद्याहून वऱ्हाडाचा टेम्पो निघाला, तेव्हा ही कुत्री फळीवरून उडी मारून आत शिरली आणि नर्सीजवळच्या या गावापर्यंत उतरलीच नाही. खरी पाठराखीण म्हणून आलेली मोतीबाई आत्या चौथ्या दिवशी परत गेली, भुरी राहिली. परक्या घरात नव्या नवरीला रडू फुटलं की ती न्हाणीमागे जाऊन भुरीच्या मानेत तोंड खुपसायची. आता भुरीला बारावं वर्ष लागलं होतं.

महिन्यापूर्वी तिचे डोळे दुधाळ दिसायला लागले, तेव्हा शिवकन्या तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. हा मोतीबिंदू. डोळ्याच्या आतलं भिंगच पांढरं पडतं, थेंबांनी जात नाही. ऑपरेशन मोठ्या ठिकाणी होतं, पण या वयात भुलीची भीती. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्याने अजून बरंच दिसतं, तो जपा. बाज, ताटली जागची हलवू नका. अंगाला हात लावायच्या आधी हाक मारा. उकळून गार केलेल्या पाण्याने डोळे पुसा, आणि लाल दिसला की त्याच दिवशी घेऊन या. शिवकन्येने सगळं पाळलं. शिजवलेली हळद वाळवायला अंगण अपुरं पडलं, तेव्हा नवऱ्याशी भांडून तिने बाज जागची हलू दिली नव्हती.

त्या बाजेवर सासरे बसले होते. सटवाजी. तोंड धुऊन, पंच्याने पुसत, खुशीत.

"मामा, हिच्या डोळ्यात काय घातलं?"

"फूल पडलं व्हतं. काढून टाकलं."

आसपासच्या गावांत बैलाच्या डोळ्यात फूल पडलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग आला, की लोक सटवाजींना बोलवायचे. तंबाखू अन् खडेमीठ चावायचं, पापणी उचलायची आणि डोळ्यात पिचकारी मारायची. बैल बांधलेला असायचा, त्यामुळे त्याला काय वाटलं हे कधी कळलं नाही.

"दोन दिस आग व्हईल," सटवाजी म्हणाले, "मंग बघ. मरूस्तोवर माझं नाव घेईल कुत्री."

"फूल न्हाई हो ते! मोतीबिंदू हाय. फूल वरून असतं, हे आतून हाय. दोनदा सांगितलं म्या तुमाला."

"ती डॉक्टरीण कालची पोरगी. म्या चाळीस वर्सं बैलायचे डोळे बघून राहिलो."

"मागल्या साली तुमाला मोतीबिंदू झाला व्हता. तवा म्या थुकले व्हते का तुमच्या डोळ्यात?"

भिंतीपलीकडून शेजारच्या रूपाबाईंचं डोकं वर आलं. "अगं बया! सासऱ्याला अशी बोलती व्हय?"

"काकू, तुमच्या भाकरी जळून राहिल्या. त्या बघा."

डोकं खाली गेलं.

भुरीला पोत्यात गुंडाळून शिवकन्येने ऑटो थांबवला. सहा वर्षांची कोमल आईचा पदर धरून शेजारी चढली. सटवाजी न बोलावताच आले आणि ड्रायव्हरजवळ बसले. प्रत्येक खड्ड्याला भुरी कण्हायची आणि प्रत्येक कण्हण्याला शिवकन्येचे दात एकमेकांवर घट्ट बसायचे.

डॉक्टरीणबाईंनी जखम दिसावी म्हणून डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, बॅटरी मारली आणि वर पाहिलं. "यात काय गेलं होतं?"

शिवकन्येच्या ओठावर सगळं आलं होतं. पण घरातली गोष्ट बाहेर सांगायची जिभेला सवय नव्हती. याचाही तिला राग आला.

"म्या थुकलो," दारातून सटवाजी म्हणाले. "तंबाखू. अन् मीठ."

बाईंनी बॅटरी विझवून टेबलावर ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजोबा, आतला मोतीबिंदू होता तसाच आहे," त्या म्हणाल्या. "वरचा पडदा मात्र तुम्ही भाजून काढलात. त्यात पंजानं खरडलंय. हा डोळा जाणार."

पंधरा दिवसांचे थेंब मिळाले, दिवसातून सहा वेळा. नजरेसाठी नव्हे, ठणका कमी व्हावा, पू होऊ नये म्हणून.

घरी आल्यावर सटवाजींनी बाटलीसाठी हात पुढे केला. "म्या टाकतो. तुला शाळा हाय."

"हात लावू नका तिला."

त्यानंतर शिवकन्या त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, निघून जायची. वैजनाथ म्हणाला, "आता झालं ते झालं, म्हातारा माणूस हाय." तेव्हा तिने नवऱ्याचं ताटही तसंच मुक्याने वाढलं. सासरे तिच्यापुढे मान वर करत नव्हते, आणि त्यांची ती खाली घातलेली मान पाहून तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. एकदा तरी त्यांनी उलटून बोलावं, म्हणजे मनातलं सगळं ओकता येईल.

पाचव्या दिवशी सकाळी ती भुरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कोमलने कापसाचा बोळा धरला होता. अंगणाच्या त्या टोकाला सटवाजी पाठ करून हळद उलथत होते; फावडं फार हळू चाललं होतं, इकडचं ऐकू यावं इतकं हळू.

थेंब पडला. भुरी शहारली, पण हलली नाही.

"आई, हे पंधरा दिस टाकायचं हाय ना?"

"व्हय."

कोमलने बोटांवर मोजलं, आजोबांच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"मंग आबाशी किती दिस बोलायचं न्हाई?"