अधिक महिन्याचं वाण

त्या वर्षी श्रावण अधिक आला आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख नेमकी त्यातच पडली. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. सासू-सासरे कधीच देवाघरी गेलेले, तेव्हा नणंदेच्या नवऱ्याचं वाण आशालतालाच करायचं होतं. हे विष्णू, म्हणजे हर्षवर्धनराव, नायगावहून आले ते रिकाम्या हातांनी, पण सल्ल्यांचं पोतं घेऊन.

तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, गेल्याच वर्षी नोकरी सोडून गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली होती. मनवेलपाड्यातल्या घराच्या दारावर 'कॉन्ट्रॅक्टर' अशी पाटी लावली, व्हिजिटिंग कार्डं छापली, पण पावत्या जपायचं सुचलं नाही. केमिकलच्या रिकाम्या डब्यांबरोबर त्यांच्या पावत्याही त्याने भंगारात घातल्या. आता बिल्डरने बिलातून कापलेला कर परत मिळवायचा तर खर्च दाखवायला हवा, आणि दाखवायला हातात काही नव्हतं. पावसाळ्यात काम बंद. त्या परताव्यावरच दिवाळीपर्यंत घर चालायचं होतं.

"खर्च झालेला लागत नाही, दिसलेला लागतो," हर्षवर्धनराव पाचवा अनारसा मोडत म्हणाले. वाणाच्या ताटातले नव्हेत, चवीपुरते म्हणून वेगळे काढलेले. एका गोदामात ते माल मोजायला होते; पण बोलणं असं, की आयकर खातं यांना विचारून उठतं-बसतं.

श्रीरंग मान डोलावत होता. नोकरीत असताना साहेबापुढे डोलवायचा, तशीच. मालक झाला तरी मान नोकराचीच राहिली, आशालताला वाटलं. असं वाटून घेणं पाप, म्हणून तिने मनातल्या मनात विष्णूचं नाव घेतलं. मग समोरच्या विष्णूकडे बघितलं आणि ते नावही अर्धंच राहिलं.

"गणपतीला गावी गेलात, तो खर्च?" भावोजींनी विचारलं.

"तो कसा लावणार?" श्रीरंग म्हणाला.

"प्रवास लिहा. साईट बघायला गेलात. आणि हे निरांजन?" वाणाच्या ताटात अनारशांवर ठेवायला आणलेलं चांदीचं निरांजन त्यांनी बोटावर तोललं. "हे हत्यारांत घाला. थाप्या, घमेली, त्यात खपून जाईल."

आपल्यालाच मिळायचं दान हा माणूस घमेल्यांत घालत होता. आशालता ताटातले अनारसे सारखे करत राहिली. महिनाभर खोटं बोलायचं नाही असा तिचा नेम होता, आणि खरं बोलावं अशी माणसं समोर नव्हती.

"आता मोठा आकडा. वहिनींचा पगार," भावोजी म्हणाले. "साईट सुपरवायझर. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार."

"ही तर गच्चीवर पापड वाळवायलाच जाते," श्रीरंग हसला.

"तेवढं पुरे. वहिनी, इथे सही."

व्हाउचर पुढे सरकलं. वर लिहिलं होतं: रोख मिळाले.

"मला मिळालेले नाहीत," आशालता हळूच म्हणाली.

"घरचेच पैसे ना वहिनी. या खिशातून त्या खिशात."

"मग ठेवा माझ्या हातात. आत्ता सही करते."

श्रीरंगने भावोजींकडे बघितलं, भावोजींनी पंख्याकडे.

"आशा, दिवाळीपर्यंतचा प्रश्न आहे," श्रीरंगचा आवाज खाली आला. "सही नाही केलीस तर कर गेलाच म्हणून समज."

"तुळिंजच्या दुकानातूनच सगळे डबे आणलेत ना? त्यांच्याकडे नकला असतील. जाऊन मागा."

"माझ्यासारख्याने दुकानाच्या पायऱ्या झिजवायच्या? शोभतं का?"

"पाटी लावायची तर तेवढंही शोभतं."

व्हाउचर तसंच राहिलं. आशालता आत गेली, कणकेचा दिवा करून आणला, अनारशांवर ठेवून लावला आणि रीतीप्रमाणे कुंकू लावून ताट भावोजींच्या हातात दिलं. वाकून नमस्कारही केला. रीत कुणा एकासाठी नसते.

भावोजी दिव्याकडे बघत राहिले. "चांदीचं होतं ना?"

"ते हत्यारांत गेलं ना भावोजी. आता साईटवर लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग छत्री उघडून तुळिंजला निघाला. कागद ठेवायला हत्यारांची पिशवी उघडली, तर दोन थाप्यांच्या मध्ये निरांजन होतं, फडक्यात नीट गुंडाळलेलं. त्याने पिशवी तशीच खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरला.