रंग विचारला तेव्हा

"रंग?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं. "तुम्ही सांगाल तोच लिहायचा."

ब्राझीलमधल्या सल्वादोरच्या बस आगारातल्या जेवणघरात कामगारांची मोजणी चालली होती. बायका किती, काळे किती, कोण कोणत्या कामावर. पुढं ड्रायव्हर, मागं सफाईवाल्या, अशी एकच रांग. बस चालवणारी बाई मात्र एकटी मारिल्दाच.

"गोरी," ती म्हणाली.

"हो तर! कालच पोर्तुगालहून उतरली!" मागून ड्रायव्हर जेनिव्हाल ओरडला. रांग खदखदली. मारिल्दानं ओढूनताणून सरळ केलेले केस कानामागं सारले आणि ती पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभी राहिली.

सफाईवाल्यांत पहिली एरुंदिना. महिन्यापूर्वीच बस धुवायला लागलेली. मारिल्दाची आई, पण आगारात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "तिथं मला ओळख दाखवू नकोस, आई. आधीच बाई म्हणून छळतात मला," असं मारिल्दानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"रंग?"

"काळी. अगं, चष्मा पूस की जरा!" एरुंदिना हसली. ती मुलगीही हसली.

"घरचं आणखी कुणी आहे इथं कामाला?"

आईनं पिंपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही गं बाई. मी एकटीच."

आईनं शब्द पाळला होता, मारिल्दानंच मागून घेतलेला. आई बाहेर पडली तशी मारिल्दा टेबलाशी परत आली.

"माझं बदला. काळी लिहा. आणि आत्ता गेली ना, ती माझी आई."

जेवणघरातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. जेनिव्हालचीसुद्धा.

"बदललं," मुलगी म्हणाली. "पुढचे या."

आवारात एरुंदिना नेमकी मारिल्दाच्याच बसची काच पुसत होती.

"आई, मी सांगितलं त्यांना. सगळ्यांसमोर."

"बरं केलंस." फडकं थांबलं नाही. "पण मी रांगेतच होते गं, तू आधी 'गोरी' सांगितलंस तेव्हा."

"आई, चुकले मी."

"निघा आता, ड्रायव्हरबाई. लोक ताटकळले असतील."

बादली उचलून ती शेजारच्या बसकडे गेली. मारिल्दानं गाडी चालू केली. बाजूच्या आरशात आई दिसत होती. स्टुलावर चढून, टाचा उंचावून, ती वरच्या काचेपर्यंत हात पोचवत होती.